कल्याणच्या गोदीतला टीम लीड

बाळकुम नाक्यावरून भिवंडीकडे निघालं की (ट्रॅफिकने मनावर घेतलं नाही तर) थोड्याच वेळात कशेळीचा पूल लागतो. पुलाखालचं पाणी म्हणजे कल्याणकडून येणारी उल्हास. इथेच आसपास तिला फाटा फुटतो. एक पाणी दक्षिणेला वळून साकेत, कळव्यावरून ठाण्याच्या खाडीत जातं आणि दुसरं कोलशेत, घोडबंदर करत वसईपाशी समुद्राला मिळतं. म्हणजे कल्याणच्या धक्क्यावरून सुटलेल्या कुठल्याही गलबताला समुद्र गाठायचा तर बाळकुमसमोरून जाण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्याला ही खाडी फक्त फ्लॅटच्या जाहिरातीतला 'क्रीक व्ह्यू' म्हणून माहीत. 1659 साली मात्र ती सरहद्द होती. बाळकुमचा काठ, म्हणजे साष्टी बेट, पोर्तुगिजांकडे होता आणि पलीकडचा भिवंडी-कल्याणचा काठ नुकताच शिवाजी महाराजांच्या हातात आला होता.

ऑक्टोबर 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली हे आपण शाळेत वाचलेलं असतं. शाळेत त्यानंतर थेट अफझलखान येतो. मधली दोन वर्षं कल्याणच्या खाडीकाठी जे काम चालू होतं त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आणि माझ्यासारख्या, रोज आठ-दहा जणांच्या टीमकडून काम करून घेणाऱ्या माणसाला त्यातलाच एक भाग सगळ्यात जास्त खुणावतो.

तर झालं असं. 16 ऑगस्ट 1659 चं गोव्याहून पोर्तुगालच्या राजाला गेलेलं एक पत्र आहे. त्यात कळवलंय की शहाजीच्या मुलाने वसई आणि चौलजवळचा मुलूख घेतला आहे, त्याचं बळ वाढतंय, आणि भिवंडी, कल्याण, पनवेल इथे तो लढाऊ जहाजं बांधतोय. ती बंदराबाहेर पडू देऊ नयेत असा हुकूमही दिलाय म्हणे. पोर्तुगीज कागदांत आकडा येतो तो वीसेक जहाजांचा, जात संगमेश्वरी. म्हणजे हलकी, उथळ पाण्यातही चालणारी होडी.

आता गंमत बघा. ज्या कामाची पोर्तुगिजांना एवढी धास्ती होती, त्या कामावरचा मुख्य माणूस पोर्तुगीजच होता! नाव रुई लैतांव व्हिएगस. त्याच्या हाताखाली तीनशेहून जास्त माणसं होती.

आपण 'जहाज बांधणं' असं एका दमात म्हणतो, पण गोदी म्हणजे खरं तर तीन-चार कारखाने एकत्र. सुतार तर हवेतच. पण लोहाराशिवाय सुताराचं पान हलत नाही, कारण फळ्या धरून ठेवायला हजारोंनी खिळे लागतात, शिवाय नांगर, सुकाणूच्या बिजागऱ्या, तोफांसाठी कड्या. तिसरं खातं कापडाचं. शीड म्हणजे एक मोठी चादर नव्हे. जाड सुती कापडाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून दुहेरी शिवायच्या, चारी कडांना दोर टाकून तो शिवून घ्यायचा, आणि जिथे वाऱ्याचा ताण येतो ते कोपरे वरून आणखी कापड लावून भक्कम करायचे. (इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द आपल्या डोंगरी नावाच्या जाड्याभरड्या कापडावरून गेलाय. पुढे कामगारांचे कपडे त्या कापडाचे होऊ लागले आणि मग फॅशनवाल्यांनी ते घेतले. असो.)

शिवाय हे काम एकदा करून संपत नाही. लाकडी जहाज पाण्यात उतरलं त्या दिवसापासून दुरुस्तीलाच आलेलं असतं. खाऱ्या पाण्यातला किडा लाकूड पोखरतो, खिळा गंजतो, शीड उन्हाने विरतं आणि पावसाळी दमटपणाने कुजतं. म्हणून दरवर्षी पावसाळ्यात जहाजं ओढून वर घ्यायची, तळ खरवडायचा, फटी पुन्हा कापसाने भरायच्या, त्यावर चुना आणि तेलाचा लेप द्यायचा, शिडं उसवून पुन्हा शिवायची. आमच्याकडे ज्याला मेंटेनन्स म्हणतात आणि जे करायला कुणी उत्सुक नसतं, ते आरमारात निम्म्याहून जास्त काम असतं.

आणि यावर देखरेख ठेवणं भलतंच अवघड. कारण चांगलं-वाईट काम झाकलं जातं. एकदा वरची फळी बसली की आतला खिळा पुरेसा लांब होता की कारागिराने वेळ वाचवला, ते कुणाला दिसत नाही. लेप दिला की फटीत कापूस ठासून भरलाय की नुसता वरवर, ते कळत नाही. कळतं ते दांडा-राजपुरीच्या समोर, भर समुद्रात, पाणी आत यायला लागलं की. वर उभा राहून हिशेब ठेवणारा कारकून इथे कामाचा नाही. ज्याला स्वतःला ते काम येतं, ज्याला कारागीर मानतात आणि जो फळी बसायच्या आधी तिथे हजर असतो, असाच माणूस लागतो. असा माणूस राजाला सहजासहजी मिळत नाही. सागवान विकत घेता येतं, लोखंड घेता येतं. मुकादम त्याच्या माणसांसकट यावा लागतो.

आणि तो त्याच्या माणसांसकट जातोही.

महाराजांकडून पोर्तुगिजांना सांगणं असं होतं की हे आरमार जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध आहे. वसईच्या पोर्तुगीज कॅप्टनचा त्यावर विश्वास बसला नाही, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपलाही बसला नसता. आज सिद्दी, उद्या आपण. त्याने तोफा डागल्या नाहीत की जहाजं जाळली नाहीत. त्याने व्हिएगसकडे माणूस पाठवला आणि हे काम सोडून ये असं पटवलं. व्हिएगस आपली तीनशेच्या वर माणसं घेऊन पोर्तुगीज मुलखात निघून गेला. आरमाराचं काम धक्क्यावर अर्धवट उभं, आणि ते करणारे हात पलीकडच्या काठावर.

वसईकराने फार हुशारीचं काम केलं हे मान्य करायला हवं. जहाज जाळलं तर दुसरं बांधता येतं. त्याने कौशल्यच उचलून नेलं. आजच्या भाषेत ज्याला 'बस फॅक्टर' म्हणतात (टीममधली किती माणसं एकदम नाहीशी झाली तर प्रोजेक्ट बसेल?) तो कल्याणच्या गोदीत एक होता. एकटा व्हिएगस.

मला नवल याचं वाटतं की हा धोका ओळखण्यात महाराजांसारखा दुसरा माणूस नव्हता. किल्ल्यांची व्यवस्था आठवा. हवालदार, सबनीस, कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी, वेगवेगळ्या जातींचे, कामं वाटलेली, किल्ल्या एकाकडे तर हिशेब दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. एकजण फितूर झाला तरी किल्ला जाऊ नये अशी रचना. पण ही रचना राखणदारीच्या कामाला लागू पडते. कौशल्याच्या कामाला ती तशीच्या तशी लावता येत नाही, कारण पोर्तुगीज पद्धतीचं जहाज कसं जोडायचं हे ज्याला येतं तोच ते तपासू शकतो. त्याच्यावर देखरेख ठेवायला तितकंच येणारा दुसरा माणूस हवा. 1659 च्या कल्याणात तो नसावा, असा माझा अंदाज.

मग आरमार बुडालं का? अजिबात नाही. 1664 च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. फेब्रुवारी 1665 मध्ये महाराज स्वतः समुद्रमार्गे बसरूरवर गेले तेव्हा इंग्रजांच्या नोंदीप्रमाणे त्यांच्याबरोबर 85 छोट्या लढाऊ नौका आणि 3 मोठी जहाजं होती. 1679 मध्ये खांदेरीला इंग्रजांना याच हलक्या, उथळ पाण्यात पळणाऱ्या होड्यांनी जेरीस आणलं. म्हणजे व्हिएगस गेल्यावर सहा वर्षांच्या आत कुणीतरी हे काम पेललं होतं. ते कोकणातले सुतार, लोहार, भंडारी, कोळी असणार. त्यांच्यातल्या कित्येकांनी कल्याणच्या धक्क्यावर पोर्तुगीज माणसांच्या खांद्याला खांदा लावून काम केलं असेल का? मला तसं वाटायला आवडतं. नावं मात्र दर्यासारंग आणि दौलतखान या सरदारांची राहिली. खिळे ठोकणाऱ्यांची राहिली नाहीत.

पुढे 1715 च्या सुमाराला रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेलं आज्ञापत्र वाचलं की जाणवतं, मधल्या पन्नास-साठ वर्षांत या कामाचे धडे कुणीतरी नीट लिहून काढले होते. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण लावा, त्यांच्या कान्यात मेण भरा, वर झाकण घाला म्हणजे पाणी जायचं नाही. दारू आणि बाण हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून उन्हं द्यावीत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत. जहाजासाठी सागवान परवानगीने तोडावं, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावं. राजनीतीच्या ग्रंथात असलं बारीकसारीक कशाला, असं वाटू शकतं. ज्याने कधी ऐन वेळी न चालणारी सिस्टिम पाहिलीय त्याला वाटणार नाही.

(जाता जाता, मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत शिलेखाना हत्यारांचा आणि फरासखाना तंबू-कनातींचा. पुण्यात फरासखाना पोलीस चौकीसमोरून जाताना हे नाव कुठून आलं असा प्रश्न कुणाला पडत नाही. आणि 'कारखानीस' आडनावाचे किमान दोन इंजिनिअर प्रत्येक कंपनीत सापडतातच.)

याच्या अगदी उलट गोष्ट पाऊणशे वर्षांनी मुंबईत घडली. ईस्ट इंडिया कंपनीचा डडली नावाचा अधिकारी 1735 मध्ये एका जहाजाच्या बांधकामासाठी सुरतेला गेला होता. तिथल्या गोदीत सुतारांवरचा एक पारशी फोरमन त्याच्या नजरेत भरला. लवजी नसरवानजी. डडली म्हणाला, मुंबईला चल. लवजी म्हणाला, मालकाची परवानगी मिळाल्याशिवाय नाही. परवानगी मिळाली आणि 1736 मध्ये तो काही सुतारांना घेऊन मुंबईत आला. इंग्रजांनी उचललेली ही टीम अवघ्या मूठभर माणसांची होती!

हा लवजी म्हणजे वाडिया घराण्याचा मूळ पुरुष. मुख्य बांधणीदाराचं पद पुढे जवळजवळ दीडशे वर्षं त्याच घरात राहिलं. कंपनीने ही माणसं धरून कशी ठेवली, तर शाली आणि चांदीच्या मोजपट्ट्या देऊन. ऐकायला हे 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' सारखं वाटतं, पण चांदीची मोजपट्टी ही कारागिराच्या हाताची खूण होती, आणि देणाऱ्याला ते कळलं होतं. शिवाय मुलगा बापाच्या हाताखाली शिकणार, नातू मुलाच्या. व्हिएगसच्या वेळचा प्रश्न असा सुटला. अर्थात फुकट नाही. एका युद्धनौकेच्या आतल्या लाकडावर जमशेटजी वाडियांनी, हे जहाज एका 'काळ्या' माणसाने बांधलंय, अशा अर्थाची शिवीवजा ओळ स्वतःच कोरून ठेवली होती अशी गोष्ट सांगतात. खरी असो की नसो, ती वाडियांबद्दलच सांगितली जाते यात सगळं आलं.

लवजी आल्याच्या पुढच्याच वर्षी, मार्च 1737 मध्ये, मराठे खाडी ओलांडून ठाण्यात शिरले. बाळकुमचा काठही मराठ्यांचा झाला आणि 1739 मध्ये वसई पडली. खाडीवरचा पोर्तुगीज पहारा संपला. कल्याणहून समुद्रापर्यंतची वाट पहिल्यांदाच मोकळी झाली होती. पण तोवर मराठी आरमाराचं बळ दक्षिणेला, आंग्र्यांच्या कुलाबा आणि विजयदुर्गाला, सरकलं होतं. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खडकात खोदलेली त्यांची गोदी अजून बघायला मिळते. फेब्रुवारी 1756 मध्ये अॅडमिरल वॉटसनचा ताफा मुंबईहून निघाला आणि विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. यात इंग्रजांच्या बाजूने कोण होतं? पेशवे. मुंबईत 1750 मध्येच कोरडी गोदी तयार झाली होती आणि लवजी तेव्हा तिथे कामावर होता. त्या दोन दिवसांत जळालं त्यात नुसती जहाजं नव्हती. ती दरवर्षी उघडून पुन्हा शिवणाऱ्या-ठोकणाऱ्यांचं काम गेलं. ती माणसं कुठे गेली, हे कुठल्याच बखरीने लिहिलेलं नाही.

मुंबईच्या गोदीतून 1805 साली एक फ्रिगेट पाण्यात उतरली. तिला पुढे नाव दिलं गेलं 'साल्सेट'. म्हणजे साष्टी, आपलं हेच बेट, बाळकुमसकट. आणि 1817 मध्ये वाडियांनी बांधलेली 'त्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. तिकडे कधी ऑनसाइट गेलात तर वाट वाकडी करून बघून या.