दंतरोपण-हिरडी संलग्नता
टायटॅनियमच्या दंतरोपणाभोवती हिरडीचे मृदू ऊतक कसे चिकटते, याचा अभ्यास. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर रोपण केले, तेव्हा लक्ष हाडाकडे होते (पहा : अस्थिसंलग्नता), हिरडीचा विचार मागाहून आला. अधिस्तर पेशी दाताप्रमाणेच रोपणालाही अर्धडेस्मोसोमांनी (पेशीला पृष्ठभागाशी जोडणाऱ्या सूक्ष्म रचनांनी) धरतात. संयोजी तंतू मात्र दाताच्या मुळावरील दंतसंधानक या थरात आडवे रुततात; रोपणावर तो थरच नसल्याने ते बहुधा पृष्ठभागाला समांतर राहतात. त्यामुळे जंतूंना अडवणारा हा बंद दाताच्या तुलनेने कच्चा (पहा : परिरोपणशोथ). रोपणाभोवती मृदू ऊतक घट्ट बसवण्याच्या याच प्रश्नाशी निकटचे ब्रिटनमधील काम युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे, पण ते त्वचेवरचे : हरणाच्या शिंगाभोवती त्वचा कशी घट्ट बसते, हे पाहून पेंडेग्रास, ब्लन व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्वचेतून बाहेर येणाऱ्या कृत्रिम अवयव-रोपणाची रचना मांडली. पुढे तेथेच टायटॅनियमवर लॅमिनिन प्रथिन जोडून पेशींची पकड तपासण्यात आली.