खाऊच्या पैशांएवढे बालपण : त्रुफाँ यांचा ‘स्मॉल चेंज’

फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफाँ यांचा ‘लार्जां द पोश’ हा चित्रपट १९७६ मध्ये प्रदर्शित झाला. मूळ शीर्षकाचा अर्थ मुलांना मिळणारे खाऊचे पैसे. भारतीय रसिकांना तो ‘स्मॉल चेंज’ या इंग्रजी नावाने अधिक परिचित आहे. चाकूसुऱ्यांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असलेल्या तिएर या मध्य फ्रान्समधील गावात त्याचे चित्रीकरण झाले. पटकथा त्रुफाँ आणि सुझान शिफमान यांची.

रूढ अर्थाने या चित्रपटाला कथानक नाही. शाळा, गल्ल्या आणि घरे यांतील लहानमोठे प्रसंग एकामागून एक येत राहतात. न्हाव्याला द्यायचे पैसे आपल्याच खिशात पडावेत म्हणून दोघे भाऊ वर्गमित्राचे केस स्वतःच कापतात. वर्गात मोलिएरच्या नाटकातील स्वगत निर्जीवपणे म्हणणारा मुलगा, बाई बाहेर जाताच तेच झोकात म्हणून दाखवतो. सर्वांत बहारदार प्रसंग चिमुरड्या सिल्वीचा. मळकी पिशवी टाकून हॉटेलात यायला ती तयार नसते, तेव्हा आईवडील तिला घरीच ठेवून जातात. पोलीस अधिकारी असलेल्या वडिलांचा कर्णा घेऊन ती खिडकीतून ‘मला भूक लागली आहे’ असा पुकारा करते आणि शेजारी दोरीला टोपली बांधून तिला जेवण पोचवतात! उंच खिडकीतून पडलेले तान्हे पोर हसत उठून बसते, हा प्रसंग मात्र वास्तवाची मर्यादा ओलांडणारा आहे. मुले चिवट असतात, हे त्रुफाँ यांना ठसवायचे होते, हे उघड आहे.

या गमतीजमतींच्या आड ज्युलियन उभा आहे. गावाबाहेरच्या पडक्या खोपटात राहणारा, वर्गात पेंगणारा, इतरांचे खिसे चाचपणारा हा मुलगा शाळेतील वैद्यकीय तपासणीच्या वेळी कपडे काढायला नकार देतो. त्याच्या अंगावर मारहाणीचे वळ असतात. पुढे त्याची आई आणि आजी यांना अटक होते. वळ कसे उमटले, हे दिग्दर्शक दाखवत नाही. त्या संयमामुळेच तो भाग अधिक अस्वस्थ करतो.

१९३२ मध्ये जन्मलेल्या त्रुफाँ यांनी बालपणी उपेक्षा सोसली होती आणि बालगुन्हेगारांच्या केंद्रातही दिवस काढले होते. ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ (१९५९) या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटात तो अनुभव कडवटपणे उतरला. येथे तोच अनुभव शिक्षक रिशे यांच्या तोंडून येतो. ज्युलियनची हकीकत वर्गाला सांगताना, आपलेही बालपण कष्टात गेल्याचे ते मुलांपुढे मांडतात. मुलांना मतदानाचा हक्क नसल्याने त्यांच्या गरजांकडे राजकारणी दुर्लक्ष करतात, असा त्यांचा रोख आहे. हे भाषण थोडे लांबते. पण समोर बसलेली मुले ते मन लावून ऐकतात.