वाढीव खोली : करामातली आणि गावची

करामात राहिलेल्या माणसाला 'पार्टिशन' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. हॉलच्या मध्यावर प्लायवुडची भिंत उभी राहते, अलीकडे सोफा, पलीकडे कॉट, आणि वन बीएचकेचं कुटुंब ऐटीत सांगू लागतं, "आमच्याकडे आता दोन खोल्या आहेत!" घर वाढवण्याची ही आपली खास तऱ्हा. तिचा इतिहास मात्र थोडा मागे जातो.

करामापासून टॅक्सीने काही मिनिटांवर खाडीकाठी बस्तकिया आहे (२०१२पासून नाव अल फहिदी). एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इराणकडच्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांनी तिथे प्रवाळाच्या दगडाची घरं बांधली. मधे अंगण, भोवती खोल्या, वर वारा खाली आणणारे बुरूज. घरात माणसं वाढली की अंगणाच्या कडेने खोली वाढायची. आपल्या कोकणात वेगळं काय होतं? थोरल्याचं लग्न ठरलं की मागची पडवी बंद करून खोली काढायची, पुढे नवी पडवी ओढायची. चिरा गावचा, गवंडी गावचा, जमीन आपली. विचारायचं कुणाला, तर फार तर भाऊबंदांना!

१९६६ साली दुबईत तेल सापडलं, १९६९मध्ये निर्यात सुरू झाली, आणि माणसं येतच राहिली. त्यांच्यासाठी सत्तर-ऐंशीच्या दशकांत करामात बुटक्या, तीन-चार मजली इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. 'करामा' या अरबी शब्दाचा अर्थ मान, प्रतिष्ठा. घरं भाड्याची, त्यामुळे पडवी ओढण्याचा प्रश्नच नव्हता. २००७च्या २६व्या कायद्याने तर लिहूनच ठेवलं आहे की मालकाची संमती आणि लागणारे परवाने असल्याशिवाय भाडेकरूने घरात बदल करायचा नाही. पोटभाडेकरू ठेवायचा तर मालकाची लेखी परवानगी हवी.

पण त्याच सुमारास भाडी अशी चढली की सरकारला वाढीवर मर्यादा घालावी लागली, २००५ साली १५ टक्के, पुढे ७ टक्के. पगार मात्र होता तिथेच. मग प्लायवुडची भिंत आली, तिच्यापलीकडे एखादं जोडपं आलं, आणि न्हाणीघराच्या दारावर सकाळचं वेळापत्रक लागलं. २००८मध्ये पालिकेने 'एक व्हिला, एक कुटुंब' मोहीम काढली तेव्हा कित्येकांना सामानासकट बाहेर पडावं लागलं. २०२५च्या जूनमध्येही रिग्गा, मुरक्काबात, सतवा, बर्शा अशा भागांत बेकायदा पार्टिशनं तोडली गेली. पालिकेचं कारण खोटं नाही. आडव्या भिंतींमुळे बाहेर पडायची वाट अडते, वायर एकाच प्लगवरून पुढे ओढलेली असते. ऑक्टोबर २०२३मध्ये करामातल्याच एका इमारतीत गॅसमुळे आग लागली, त्यात शेअरिंगमध्ये राहणारे भारतीय तरुण गेले. त्यानंतर कितीतरी घरांत त्या भिंतीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं गेलं असेल.

तरी माणसं हे का करतात? भाड्यात वाचलेले दिरहॅम गावाला जातात म्हणून. रत्नागिरीकडच्या कौलारू घरावर स्लॅब पडतो, वर माडी चढते, पुढे ग्रिल लागतं. इथे हॉल अर्धा झाला त्यावर तिथे मजला वाढला, असा हा सरळ हिशेब.

किमतीचा हिशेब मात्र सरळ नाही. मुंबईत जागेचा भाव चौरस फुटावर, त्यामुळे चटईक्षेत्राचा नियम जरा सैल झाला की भिंती सरकतात. २०१२पासून ३५ टक्के जादा 'फंजिबल' क्षेत्र अधिमूल्य भरून मिळू लागलं, आणि बिल्डरांनी ते लगेच विकायला काढलं. गावच्या घराचं तसं नाही. सातबाऱ्यावर चार चुलत्यांची नावं असली तर वरच्या मजल्याला गिऱ्हाईक कोण? माझ्या मते गावच्या माडीवर खर्च करण्याआधी वाटणी कागदावर आणणं हेच पहिलं बांधकाम. पण ते बोलायला सुट्टीचे तीस दिवस पुरत नाहीत, आणि गवंडी तर आल्या दिवशी दारात उभा असतो.

२००२पासून दुबईत परदेशी माणसाला ठरावीक वस्त्यांत मालकीचं घर घेता येऊ लागलं. काही मराठी कुटुंबं तशी व्हिलात गेली. तिथे मागच्या अंगणात खोली काढायची तर विकासकाचं ना-हरकत पत्र, मंजूर नकाशा, परवाना, सगळं रीतसर लागतं. खर्च होतो, पण खोली कागदावर चढते आणि घर विकताना तिचे पैसे मागता येतात. करामातल्या प्लायवुडचं काय, घर सोडताना ती भिंत आपल्याच खर्चाने काढून, रंग देऊन द्यावी लागते, नाहीतर डिपॉझिट गेलं.