फोन आपला, मर्जी कुणाची? कोणत्या मोबाइल सिस्टिममध्ये किती मोकळीक, जाणून घ्या

नवा मोबाइल घ्यायला गेलं की कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती टिकते, रॅम किती, हे सगळे विचारले जाते. फोनमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम कोणती आणि ती मालकाला काय काय करू देते, हे मात्र फार कमी जण विचारतात. कोणते अॅप टाकता येईल, कोणते काढता येईल, गाणी-फोटो दुसऱ्याला कसे देता येतील, फोन किती वर्षे सुरक्षित राहील, याचा निकाल तिथेच लागतो. ई-पीक पाहणी, सातबारा, पीएम किसानची ई-केवायसी, बँकेचे व्यवहार अशी कामे आता फोनवरूनच होतात. त्यामुळे हा विषय फक्त हौशी पोरांचा राहिलेला नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय?

फोनची स्क्रीन, कॅमेरा, सिमकार्ड आणि अॅप या सगळ्यांना एकत्र चालवणारी मूळ प्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. आज बाजारात मुख्य दोनच आहेत. गूगलची अँड्रॉइड आणि अॅपलची आयओएस. सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो, रियलमी, मोटोरोला या सगळ्यांच्या फोनमध्ये अँड्रॉइडच असते, फक्त वरचे रूप कंपनीगणिक बदलते. आयओएस फक्त आयफोनमध्ये मिळते.

अँड्रॉइड : दार उघडे, पण चाव्या गूगलकडे

गूगलने अँड्रॉइड कंपनी २००५ मध्ये विकत घेतली आणि अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. अँड्रॉइडचा मूळ कोड सर्वांसाठी खुला आहे. कोणतीही कंपनी तो घेऊन आपला फोन बनवू शकते. पाच-सात हजारांपासून लाखापर्यंतचे फोन याच सिस्टिमवर मिळतात, त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

वापरणाऱ्यालाही इथे बरीच मोकळीक आहे. प्ले स्टोअर सोडून दुसऱ्या ठिकाणाहूनही अॅप घेता येते. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेले इंडस अॅपस्टोअर मराठीतही आहे. एफ-ड्रॉइड या स्टोअरवर फक्त खुल्या कोडची मोफत अॅप मिळतात. कीबोर्ड, होम स्क्रीन, ब्राउझर बदलता येतात. केबल लावून गाणी संगणकावरून थेट भरता येतात, ब्लूटूथने दुसऱ्याला पाठवता येतात. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये मेमरी कार्डही चालते.

पण प्ले स्टोअर, मॅप्स, यूट्यूब ही अॅप खुल्या कोडचा भाग नाहीत. ती गूगलच्या मालकीची आहेत आणि फोन कंपन्यांना ती गूगलच्या अटींवर मिळतात. म्हणून नव्या फोनमध्ये अनेक अॅप आधीच भरलेली असतात आणि त्यातली काही काढता येत नाहीत, फक्त बंद करता येतात.

याच अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतासाठी काही बदल जाहीर केले. फोन कंपन्यांना गूगलची अॅप सुटी सुटी घेता येतील आणि ग्राहकाला फोन सुरू करतानाच सर्च इंजिन निवडता येईल, असे त्यात होते. गूगलची आधीपासून भरलेली अॅप ग्राहकाला काढता आली पाहिजेत, असाही आयोगाचा आदेश होता. तो मात्र अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये रद्द केला. दंड कायम ठेवला.

दिलेली मोकळीक नंतर कमीही होते. मे २०२२ मध्ये गूगलने नियम बदलला आणि प्ले स्टोअरवरच्या कॉल रेकॉर्डिंग अॅपचा मार्ग बंद झाला. तेव्हापासून रेकॉर्डिंगची सोय फोन कंपनीने स्वतः दिली असेल तरच मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने आणखी एक घोषणा केली. स्टोअरबाहेरून अॅप देणाऱ्या डेव्हलपरलाही आता आपली ओळख नोंदवावी लागणार आहे. फसवणूक रोखण्यासाठी हे गरजेचे आहे, असे गूगल म्हणते. लहान आणि स्वतंत्र डेव्हलपरची यात अडचण होईल, असे विरोध करणारे म्हणतात.

आयफोन : बंद वाडा, पण राखण चांगली

पहिला आयफोन २००७ मध्ये आला आणि अॅप स्टोअर २००८ मध्ये सुरू झाले. भारतात आयफोनवर अॅप घ्यायचे तर सर्वसामान्य ग्राहकाला अॅपलच्या स्टोअरशिवाय वाट नाही. युरोपीय संघात नव्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून अॅपलला दुसऱ्या स्टोअरना परवानगी द्यावी लागली. आपल्याकडे तसा कायदा झालेला नाही.

आयफोनला मेमरी कार्ड लागत नाही. ब्लूटूथने शेजारच्या अँड्रॉइड फोनवर गाणे पाठवता येत नाही. ब्राउझर कोणताही टाकला तरी आतले इंजिन अॅपलचेच असते. मुख्य ब्राउझर बदलण्याची सोयसुद्धा २०२० मध्ये मिळाली.

बदल्यात काय मिळते? एक म्हणजे अपडेट. २०१८ मध्ये आलेल्या आयफोन एक्सएसला २०२४ ची आयओएस १८ मिळाली. स्वस्त अँड्रॉइड फोनला अनेकदा दोन-तीन वर्षांतच अपडेट येणे थांबते. दुसरे म्हणजे, २०२१ पासून कोणत्याही अॅपला दुसऱ्या अॅप आणि वेबसाइटवर ग्राहकाचा माग काढायचा असेल तर आधी विचारावे लागते. ग्राहक 'नाही' म्हणू शकतो.

जिओफोनची कायओएस : स्वस्त, पण हातात काहीच नाही

२०१७ मध्ये आलेल्या जिओफोनमध्ये कायओएस ही सिस्टिम होती. मोझिलाने गुंडाळलेल्या फायरफॉक्स ओएसच्या खुल्या कोडवर ती उभी राहिली. कमी पैशांत बटणाच्या फोनवर इंटरनेट आले आणि २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपही आले. मात्र जून २०२४ पासून कायओएसवर व्हॉट्सअॅप नव्याने डाऊनलोड करता येईनासे झाले. फोन धडधाकट आहे, पण ज्या कामासाठी घेतला ते बंद, अशी वेळ अनेकांवर आली. दुसरी सिस्टिम टाकावी तर या फोनवर साध्या ग्राहकाला ते जमण्यासारखे नाही.

सिस्टिमच बदलता येते का?

काही अँड्रॉइड फोनवर येते. त्यासाठी फोनचा बूटलोडर, म्हणजे सुरुवातीचे कुलूप, उघडावे लागते. लिनेजओएसमुळे कंपनीने अपडेट बंद केलेले अनेक जुने फोनही नव्या अँड्रॉइडवर चालतात. ग्राफिनओएस ही सुरक्षेवर भर देणारी सिस्टिम गूगलच्या पिक्सेल फोनवर चालते. आयआयटी मद्रासच्या छत्राखालील कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये दाखवलेली भारओएसही अँड्रॉइडच्या खुल्या कोडवरच आधारलेली आहे आणि त्यात आधीपासून अॅप भरलेली नसतात.

पण कुलूप उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. वॉरंटी जाऊ शकते आणि काही बँकांची अॅप अशा फोनवर चालत नाहीत. एकच फोन असेल आणि त्यावर बँकेचे व्यवहार होत असतील, तर हा प्रयोग करू नये.

मोकळीक तिथे जबाबदारी

बाहेरून अॅप टाकण्याची सोय ही अँड्रॉइडची ताकद आहे आणि भामटे तिचाच फायदा घेतात. लग्नाची पत्रिका, आरटीओचे चलन, पीएम किसानची यादी अशा नावांनी व्हॉट्सअॅपवर फाइल येते. तिच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, अॅप आहे. ते टाकून मेसेज वाचायची परवानगी दिली की ओटीपी भामट्याच्या हातात जातो आणि खाते रिकामे होते. पाठवणारा ओळखीचा असला तरी फाइल उघडू नये, कारण त्याचाच फोन आधी ताब्यात गेलेला असू शकतो.

सेटिंग्जमध्ये 'अज्ञात अॅप इंस्टॉल करा' असे शोधावे. व्हॉट्सअॅप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजरसमोरची परवानगी बंद ठेवावी. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

हप्त्यावरच्या फोनची वेगळी गोष्ट आहे. अशा काही फोनमध्ये कर्ज देणारी कंपनी लॉकचे अॅप टाकते आणि हप्ता थकला की फोन बंद पडतो. हे अॅप साध्या पद्धतीने निघत नाही. फोन घेतानाच याबद्दल विचारावे आणि शेवटचा हप्ता फिटला की ते काढून घ्यावे.

घेताना दुकानदाराला हे विचारा

• सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार?
• आधी भरलेली कोणती अॅप काढता येतात?
• मेमरी कार्ड चालते का?
• कॉल रेकॉर्डिंग आहे का? असेल तर समोरच्याला सूचना ऐकू जाते का?
• हप्त्यावर असेल तर लॉकचे अॅप आहे का?

कमी खर्च, मेमरी कार्ड, हवे ते अॅप आणि हवा तो कीबोर्ड पाहिजे असेल तर अँड्रॉइड सोयीचे, पण नजर सावध हवी. जास्त पैसे मोजायची तयारी असेल आणि अॅपलने आखलेल्या चौकटीत राहणे चालत असेल तर आयफोनवर राखण कमी करावी लागते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी अँड्रॉइड फोन घेतला, तर बाहेरून अॅप टाकण्याची परवानगी पहिल्याच दिवशी बंद करून मगच तो त्यांच्या हातात द्यावा.