हास्य, भय आणि घरचा पडदा

हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस होत, असे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त सांगून ठेवले आहे. ज्याची बोबडी वळली त्याला हसू फुटत नाही, हा व्यवहारातील अनुभवही त्यालाच साक्ष देतो. तथापि चित्रपटाने हे दोन्ही रस एकाच ताटात वाढले आणि लोकांनी ते आवडीने सेवन केले. भुताला पाहून धडपडणाऱ्या, आपटणाऱ्या आणि आपलीच फजिती करून घेणाऱ्या नायकाच्या या विनोदी भयपटांचे मर्म चित्रगृहापेक्षा घरातच अधिक उलगडले, असे आम्हांस वाटते.

युनिव्हर्सल कंपनीने १९४८ साली ‘अ‍ॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ हा चित्रपट काढला, तेव्हा तिची भुते जुनी होऊन गेली होती. १९३१ साली ड्रॅक्युला म्हणून गाजलेला बेला लुगोसी येथे पुन्हा त्याच वेषात आला. परंतु दिग्दर्शक चार्ल्स बार्टनने भुतांना विदूषक केले नाही. भुते आपापल्या जागी गंभीरच राहिली. हसू आले ते लठ्ठ कॉस्टेलोचे, कारण भूत त्यालाच दिसते, तोंडून शब्द फुटत नाही आणि सोबती वळून पाहीपर्यंत भूत निघून गेलेले असते. भयाचे आणि विनोदाचे यंत्र मुळी एकच आहे. वाट पाहावयास लावावयाचे आणि अवचित तडाखा द्यावयाचा!

कॅसल फिल्म्स ही १९२४ पासूनची कंपनी युनिव्हर्सलने १९४७ साली विकत घेतली होती. ती लांब चित्रपटांतील निवडक भाग कापून घरगुती प्रक्षेपकासाठी आठ आणि सोळा मिलिमीटरच्या छोट्या रिळांत विकत असे. त्यांपैकी पुष्कळ रिळे मूक असत. संवादांच्या जागी अक्षरे येत, आणि आपटाआपटीच्या विनोदाचे त्यावाचून काही अडत नसे. चित्रगृहातील प्रचंड राक्षस बैठकीच्या खोलीतील लहानशा पडद्यावर मावू लागला. ज्याला आपण हवा तेव्हा बोलावतो आणि दिवा लावून घालवून देतो, त्या भुताचे भय कितीसे उरणार?

सॅम राइमी वाढला तो मिशिगनमध्ये. ‘थ्री स्टूजेस’ या त्रिकुटाच्या थपडांचा तो भक्त. त्यांच्यातील शेम्प हॉवर्ड १९५५ साली वारला, तेव्हा राहिलेले लघुपट एका तोतयाची पाठ दाखवून पुरे करण्यात आले. राइमीने आपल्या चित्रपटांतील बदली नटांना श्रेयनामावलीत ‘फेक शेम्प’ असे नाव देऊन या प्रसंगाचे स्मारकच उभारले. त्याचा ‘द ईव्हिल डेड’ १९८१ साली अमेरिकेत प्रथम दाखविला गेला.

ब्रिटनमध्ये तो १९८३ साली, काटछाट होऊन, चित्रगृहांत आणि व्हिडिओ कॅसेटवर एकदमच आला. तेथे त्या काळी कॅसेटींविरुद्ध मोठे काहूर उठले होते. १९५९ च्या अश्लील प्रकाशन कायद्याखाली दुकानांतून जप्त्या होत होत्या, आणि निषिद्ध मानलेल्या कॅसेटींच्या सरकारी यादीत या चित्रपटाचेही नाव होते. पुढे १९८४ साली व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज अ‍ॅक्ट आला. ‘द ईव्हिल डेड’ची अखंड प्रत तेथे संमत होण्यास २००१ साल उजाडले.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा संबंध फायलींशी असल्याने पुढील कथा त्यांना विशेष रुचेल. या कायद्याची आगाऊ सूचना युरोपीय आयोगास देणे आवश्यक होते. ती द्यावयाची राहूनच गेली होती, हे २००९ साली उघडकीस आले. म्हणजे ज्या कायद्याने पाव शतक लोकांना धाक घातला आणि कित्येकांना शिक्षा केल्या, त्याची अंमलबजावणीच करता येत नव्हती! जानेवारी २०१० मध्ये तोच कायदा पुन्हा संमत करून घ्यावा लागला. लोकांना वाचविण्यासाठी उभा केलेला पहारेकरीच भूत निघाला.

जप्ती करणाऱ्यांना रक्त दिसले. त्या रक्ताचा हास्यास्पद अतिरेक दिसला नाही. घरी कॅसेट पुनःपुन्हा लावणाऱ्याला मात्र तो दिसतो. १९८७ च्या ‘ईव्हिल डेड २’मध्ये राइमीने हे गुपित उघडच केले. नायकाचा स्वतःचाच हात झपाटतो आणि त्याच्याच डोक्यावर बशा फोडतो. नायक तो यांत्रिक करवतीने तोडून बादलीखाली कोंडतो आणि वर पुस्तकांचे वजन ठेवतो. सर्वांत वरचे पुस्तक हेमिंग्वेचे ‘ए फेअरवेल टु आर्म्स’! इंग्रजीत ‘आर्म्स’ म्हणजे शस्त्रे, तसेच बाहूही. हा श्लेष चित्रगृहात डोळ्यांदेखत निसटून जाण्याचा संभव असतो. घरी मात्र फीत थांबवून तो निवांत वाचता येतो.

मराठीतही हा प्रकार १९९३ साली महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने रुजविला. त्याची कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’शी नाते सांगते; पण लक्ष्मीकांत बेर्डे यांची तारांबळ, रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकर यांच्या आवाजातील तात्या विंचू ही अस्सल मराठी चीज आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी चित्रपट चित्रगृहात क्वचितच लागे. आपल्या भाषेतील भुताला घाबरण्याची आणि त्याच भाषेत हसण्याची सोय परप्रांतातील मुलांना झाली, ती मुख्यतः अशा घरगुती प्रतींमुळेच.

आज चित्रपट तारेवरून घरात येतात आणि एके दिवशी न सांगता निघूनही जातात. फडताळातील तबकडी मात्र कोणाच्या मर्जीने नाहीशी होत नाही. विश्वनाथाचे म्हणणे खोटे ठरले असे आम्ही म्हणत नाही. भयाच्या ऐन क्षणी हास्य उमटत नाही, हे खरेच. ते उमटते दुसऱ्या वेळी, भयाची खोड कळल्यावर. आणि ती दुसरी वेळ ज्याच्या हाती ठेवली जाते, त्याला पहारेकऱ्याची फारशी गरज उरत नाही.