बांगलादेशची घटना आणि चितगाव डोंगराळ भागातील बौद्ध

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आले आणि बांगलादेश मुक्त झाला. वर्षभराच्या आतच, ४ नोव्हेंबर १९७२ रोजी, या देशाने आपली राज्यघटना स्वीकारली. राष्ट्रवाद, समाजवाद, लोकशाही आणि धर्मनिरपेक्षता ही तिची चार तत्त्वे. धर्माच्या नावावर झालेल्या पाकिस्तानातून बाहेर पडलेल्या देशाने धर्मनिरपेक्षता लिहून घेतली, ही मोठीच गोष्ट होती. पण त्या पहिल्या तत्त्वातच खोच होती, असे आम्हाला वाटते.

चितगाव डोंगराळ भागातील चकमा आणि मारमा हे प्रामुख्याने थेरवादी बौद्ध. पाकिस्तानी राजवटीत कर्णफुली नदीवर काप्ताई धरण झाले, तेव्हा सुमारे एक लाख लोक विस्थापित झाले आणि तिथली जवळपास ४० टक्के लागवडीची जमीन पाण्याखाली गेली. त्यातले हजारो चकमा भारतात आले. आज अरुणाचलात नागरिकत्वासाठी झगडणारे चकमा ते हेच. नव्या देशाकडून या लोकांना अपेक्षा होती. फेब्रुवारी १९७२ मध्ये मानवेंद्र नारायण लारमा आणि त्यांचे सहकारी स्वायत्ततेची मागणी घेऊन शेख मुजीबुर रहमान यांच्याकडे गेले. ती मान्य झाली नाही.

पुढे घटनेत नागरिकांची ओळख ‘बंगाली’ अशी नोंदवायचे ठरले. बंगाली भाषेसाठी रक्त सांडलेल्यांना त्यात वावगे दिसले नाही. लारमांनी मात्र आपण चकमा आहोत, बंगाली नाही, असे सांगत ३१ ऑक्टोबरला सभात्याग केला. बहुमताला सहज वाटणारी ओळख अल्पसंख्याकाला कशी जाचते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. (१९४६ मध्ये बाबासाहेब घटना समितीवर गेले ते याच बंगालमधून, पूर्व बंगालच्या जोगेंद्रनाथ मंडलांच्या पाठबळावर.)

१९७५ मध्ये मुजीब यांची हत्या झाली. लष्करी राजवटीत ‘बंगाली’ऐवजी ‘बांगलादेशी’ आले, पण धर्मनिरपेक्षता गेली. १९८८ मध्ये इस्लाम राज्यधर्म झाला. डोंगरात सरकारने मैदानी भागातली कुटुंबे आणून वसवली, शांतिवाहिनीने शस्त्रे उचलली, लष्कर ठाण मांडून बसले आणि हजारो लोक त्रिपुरात आले. लारमा १९८३ मध्ये मारले गेले, तेही संघटनेतल्याच फुटीर गटाकडून.

२ डिसेंबर १९९७ रोजी करार झाला. जमिनीचे तंटे सोडवण्यासाठी २००१ मध्ये आयोगाचा कायदाही आला, पण बळकावलेल्या जमिनींचा प्रश्न रेंगाळतच राहिला. २०११ च्या दुरुस्तीने धर्मनिरपेक्षता परत आणली, राज्यधर्म तसाच ठेवला, आणि देशाची जनता राष्ट्र म्हणून ‘बंगाली’ असेल, हे पुन्हा लिहिले.