आमच्या मागे त्याचे कोण?

आमच्या वसईत मयताच्या घराला कोणी एकटे सोडत नाही. शेजारीपाजारी जमतात, त्या घरी जेवण पोहोचवतात. संध्याकाळी रोझरी होते, पुढे सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा. नायगावच्या खाडीकाठीही आम्ही हेच पाहात आलो. परंतु गेलेला बाप जर एखाद्या अपंग मुलाचा असेल, तर महिन्याची मिस्सा झाल्यावरच त्या घराचे खरे कठीण दिवस सुरू होतात. मूल पस्तीस वर्षांचे झालेले असते, त्याला आंघोळ घालणारे दोन हात कमी झालेले असतात. आई विचारते, "आज मी आहे; आमच्या मागे त्याचे कोण?"

प्रश्न जुना आहे. पोर्तुगीज आमदानीत वसईच्या कोटात 'मिझेरिकॉर्दिया' नावाचा बंधुसंघ होता. असा पहिला संघ १४९८ साली लिस्बन येथे राणी लिओनोर यांच्या आश्रयाने स्थापन झाला आणि सोळाव्या शतकात त्याच धर्तीचे संघ गोव्यात व वसईत उभे राहिले. दयेची चौदा कृत्ये हा त्यांच्या नियमावलीचा पाया. रुग्णांची शुश्रूषा, कैद्यांच्या भेटी, गरिबांचे दफन ही कामे सर्वांना ठाऊक असतात. पण आणखी एक काम हे संघ करीत. आशियात मरण पावलेल्यांची मालमत्ता मृत्युपत्राप्रमाणे सांभाळून ते ती दूरच्या वारसांना पोहोचवीत. मृताला खांदा देणारेच मागे राहिलेल्यांचा हिशेबही लिहीत. या व्यवस्थेचा लाभ मुख्यतः पोर्तुगीजांना मिळे, हे झाकण्यात अर्थ नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीजांची सत्ता इथून उठली.

पुढे १८८५ च्या सुमारास मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिरांसाठी शाळा निघाली. देशातील अशा शाळांत ती पहिली मानली जाते. शाळेने मुलाला शिकविले. आईचा प्रश्न मात्र शाळेच्या आवाक्यातला नव्हता. १८९० चा पालकत्वाचा कायदा होता, पण तो अज्ञानांपुरता. अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने मुलगा सज्ञान. स्वतःचे नाव लिहिता न येणाराही सज्ञानच!

उत्तर मिळाले ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी तो झाला. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती अशा तिघांची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. आईवडील हयात असतानाच अर्ज करता येतो. नातेवाईकही करू शकतात. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून नायगावकरांना त्यासाठी ठाण्याला नव्हे, पालघरला जावे लागते.

आमच्यात वडिलोपार्जित वाडी वा घर भावंडांत वाटले जाते आणि अपंग भावाचा वाटा "आम्ही बघू" या शब्दावर राहतो. शब्द देणारा मनाने खरा असतो. पण तोही म्हातारा होतो, त्याची मुले परदेशी जातात. कायद्याने नेमलेल्या पालकाला मात्र सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या सर्व मालमत्तेची यादी समितीपुढे ठेवावी लागते आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. कोटातल्या त्या जुन्या बंधुसंघाला हे काम ओळखीचे वाटले असते. महिन्याच्या मिस्सेनंतर त्या घरी पुन्हा कोणी जाणार असेल, तर त्याने अर्जाचा कोरा नमुना सोबत न्यावा आणि आईजवळ बसून तो भरावा.